जन्माआधीच राजा

१ एप्रिल १८१९ रोजी जयपूरच्या राजवाड्यात एक आगळी सभा भरली. जनानी ड्योढीत, म्हणजे अंतःपुरात, दिवंगत महाराजा सवाई जगतसिंह यांच्या सोळा राण्या आणि राज्यातल्या बड्या ठाकुरांच्या बायका जमल्या होत्या. ज्यांच्या तलवारींवर राज्य तोललं जात होतं ते सगळे सरदार मात्र बाहेरच्या दालनांत आतल्या निरोपाची वाट पाहत बसले होते. निवाडा एकाच प्रश्नाचा होता. भटियाणी राणी खरोखरच गरोदर आहे का? आतून उत्तर आलं: आहे, शंकेला जागा नाही. मग सरदारांनी आपसात खल केला आणि लेखी शब्द दिला, की मुलगा झाला तर त्यालाच आम्ही धनी मानू.

चोवीस दिवसांनी, २५ एप्रिलला, मुलगा झाला. वडिलांना जाऊन चार महिने आणि चार दिवस झाले होते. जयपूर वसवणाऱ्या पूर्वजाचं नाव त्याला मिळालं आणि तो सवाई जयसिंह तिसरा झाला. पहिला श्वास घेतला तेव्हाच तो जयपूरच्या कछवाहा घराण्याचा राजा होता. शेवटचा श्वास घेतला तेव्हा त्याला सोळावं पुरं व्हायचं होतं.

राजस्थानच्या इतिहासात या मुलाच्या वाट्याला सहसा दोन ओळी येतात, एक जन्माची आणि एक मृत्यूची. पण त्या दोन ओळींच्या आजूबाजूला जे घडलं त्यातून संस्थानी राजकारणाचं एक मूळ सूत्र स्पष्ट दिसतं. राजघराण्यातलं तान्हं मूल आधी राज्याचा दस्तऐवज असायचं, मूल नंतर. ते दूध पितं का, त्याला ताप आहे का, रात्री ते कोणाच्या कुशीत झोपतं, या गोष्टी इतर घरांत आईच्या काळजीच्या असतात. तिथे त्या दरबाराच्या कामकाजाच्या होत्या.

जगतसिंहांची कारकीर्द राज्याला फार महाग पडली होती. हवामहल बांधणाऱ्या सवाई प्रतापसिंहांचा हा मुलगा १८०३ मध्ये गादीवर आला. उदयपूरच्या कृष्णाकुमारीशी लग्न कोणी करायचं यावरून त्याने जोधपूरशी युद्ध मांडलं, त्यात खजिना रिता झाला, आणि अखेर १८१० मध्ये त्या सोळा वर्षांच्या निरपराध मुलीला विष देऊन प्रश्न मिटवण्यात आला. शिंदे, होळकर, अमीरखान यांच्या फौजा खंडणीसाठी राज्यातून पुन्हापुन्हा फिरत राहिल्या. आपल्याकडे त्या मोहिमांच्या हकिकती अभिमानाने सांगितल्या जातात. जयपूरच्या खेड्यांत त्यांची आठवण वेगळी आहे, आणि मराठी वाचकाने तीही ठेवायला हवी. या सगळ्यातून सुटण्यासाठी २ एप्रिल १८१८ रोजी जयपूरने कंपनी सरकारशी तह केला. सामोदचे रावल बैरीसाल यांनी राज्याच्या वतीने सही केली. कंपनीला द्यायची खंडणी वर्षागणिक चढत जाऊन आठ लाखांवर स्थिरावायची होती. तहाची शाई वाळते न वाळते तोच, त्याच वर्षी २१ डिसेंबरला, जगतसिंह वारले. मागे मुलगा नव्हता.

अशा वेळी राज्य कोणाकडे जायचं याचे संकेत ठरलेले होते. राजा मानसिंहांच्या वंशजांना राजावत म्हणत, आणि निपुत्रिक राजाच्या मागे दत्तक घ्यायचा तो त्यांच्यातला, त्यातही झलायच्या घराण्याचा मान पहिला. पण राजवाड्याच्या किल्ल्या तेव्हा अंतःपुराचा कारभार पाहणाऱ्या मोहन नाजराच्या हातात होत्या. त्याने सरदारांना विचारलं नाही, राण्यांनाही नाही. नरवरच्या माजी राजाचा नऊ वर्षांचा मुलगा मोहनसिंह त्याने आणला आणि गादीवर बसवला. नरवरचं राज्य शिंद्यांनी जिंकून घेतलं होतं, त्यामुळे हे घराणं गादीला मुकलेलं होतं. जयपूरच्या मूळ घराण्यापासून ते चौदा पिढ्यांपूर्वी फुटलेलं, म्हणून वारसाहक्काच्या दृष्टीने त्याचं नातं नावापुरतंच उरलं होतं. नाजराला मात्र असंच मूल हवं होतं. नऊ वर्षांचा, बिनआधाराचा मुलगा गादीवर असला की पुढची आठ-दहा वर्षं राज्य त्याच्या पालकाचं.

मार्चच्या अखेरीस कुजबुज सुरू झाली, की भटियाणी राणीला आठवा महिना आहे. तीन महिने ही गोष्ट बाहेर कशी आली नाही? कर्नल जेम्स टॉडने राजस्थानच्या इतिहासाच्या आपल्या ग्रंथात हा सगळा प्रसंग तारखांसह नोंदवला आहे. मला स्वतःला राणीच्या मौनात कोडं वाटत नाही. ज्या वाड्यात ती राहत होती त्याच वाड्याचा मुखत्यार तिच्या पोटातल्या मुलाचा प्रतिस्पर्धी गादीवर बसवून मोकळा झाला होता. जेवणाचं ताट कोणाच्या हातून यायचं, वैद्य कोण बोलवायचा, दारावर पहारा कोणाचा, सगळं त्याच्या हुकमात. अशा ठिकाणी विधवा गरोदर राणीने तोंड उघडायचं ते केव्हा? गर्भ लपवता येणार नाही इतका वाढल्यावर, आणि चार ठाकूर पाठीशी उभे राहतील याची खात्री झाल्यावर.

म्हणून ती १ एप्रिलची सभा मला फार मोलाची वाटते. पडद्याआडच्या बायकांना राजकारणात आवाज नव्हता असं आपण सरसकट म्हणतो. इथे राज्याचा वारसा त्यांच्या साक्षीवर ठरला. सवतींनी एका सवतीच्या गर्भाची ग्वाही दिली, आणि ठाकुरांच्या बायकांनी ती आपल्या नवऱ्यांपर्यंत पोचवली. हा पुरावा दुसऱ्या कोणी देणं शक्यच नव्हतं. नऊ वर्षांच्या मोहनसिंहाला गादीवरून उतरवून परत पाठवण्यात आलं. त्याचं पुढे काय झालं याच्याशी जयपूरच्या इतिहासकारांना काही कर्तव्य उरलं नाही. पण चार महिने राजा होऊन एका बाळाच्या रडण्यासरशी पुन्हा कोणीच न राहिलेला तोही एक मुलगाच होता.

मुलगी झाली असती तर? सरदारांच्या लेखी कराराला मुलगी माहीतच नव्हती. मग बहुधा नाजराचा मोहनसिंहच राहिला असता, आणि त्या मुलीचा जन्मदिवस टॉडने लिहून ठेवला असता की नाही, शंका आहे. रजपुतान्यात त्या काळी अनेक घराण्यांत मुली जन्मताच मारल्या जात, आणि पुढे तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात तो एक मोठा विषय झाला. राजघराण्यांतल्या अल्पायुषी बाळांची यादी करायला बसलं तर ती मुलग्यांचीच होते. मुली यादीत येण्याआधीच गळलेल्या असतात.

मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. पंचेचाळीस वर्षांपूर्वी पुण्याच्या राज्यावर नेमकी हीच वेळ आली होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. रघुनाथराव पेशवे होऊन बसले. नाना फडणीस, सखारामबापू आणि बारभाईंनी गंगाबाईला पुरंदरावर नेऊन ठेवलं, तिच्या नावाने कारभार सुरू केला. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले आणि चाळिसाव्या दिवशी त्यांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. मूल खरं नव्हे, बदललेलं आहे, अशी आवई रघुनाथरावांच्या पक्षाने उठवली होती. पुण्याने आपला गर्भातला धनी डोंगरी किल्ल्याच्या तटाआड राखला. जयपूरने शत्रूच्याच घरात, सवतींच्या साक्षीने राखला. दोन्हीकडे कारभाऱ्यांना हवं होतं ते एकच: असं मूल, की ज्याच्या नावाने शिक्का मारता येईल.

मूल जन्मलं तरी ते जगेल याचा भरवसा कुठे होता? राजवाड्यात वैद्य, हकीम, ज्योतिषी, दाया, सगळा ताफा असे, आणि तरीही तिथली मुलं झोपडीतल्या मुलांसारखीच मरत. जंतू माहीत नव्हते. नाळ कापण्याच्या हत्यारातून किंवा जखमेवर लावलेल्या राखेशेणातून धनुर्वाताचे जंतू शिरले की पहिल्या आठवड्यात बाळाचा जबडा घट्ट मिटे, ते दूध ओढेनासं होई, आणि मग आचके सुरू होत. आपल्याकडे पाचवी-सटवी पुजतात, राजस्थानात छठी. तिकडे बेमाता येऊन नशीब लिहिते, इकडे सटवाई. बाळाला सर्वांत जास्त धोका असलेल्या त्याच रात्री आहेत या. त्या रात्री दिवा तेवत ठेवून जागरण करणाऱ्या बायकांना कारण ठाऊक नव्हतं, वेळ मात्र पक्की ठाऊक होती. त्यातून वाचलेल्याला पुढे हगवण होती, गोवर होता, आणि देवी होत्या. जयपूरच्या दक्षिणेला चाकसूजवळच्या डोंगरीवर शीतलामातेचं मंदिर आहे. चैत्रातल्या शीतला अष्टमीला तिथे अजून मोठी जत्रा भरते आणि घरोघरी आदल्या दिवशी रांधलेलं थंड अन्न खातात. देवीची लस हिंदुस्थानात आली ती मुंबईत: १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती पहिल्यांदा टोचली गेली. पण शहरातल्या एका दंडावरून संस्थानांच्या जनान्यापर्यंत पोचायला तिला अनेक दशकं लागली.

राजपुत्राला बहुधा आई पाजत नसे, धाय पाजायची. त्यामुळे धायीच्या मुलाला धाभाई म्हणून दरबारात मोठा मान मिळे, जहागिरी मिळत. मेवाडच्या पन्नाधायीची कथा राजस्थानात प्रत्येक मुलाला पाठ असते: मारेकरी आले तेव्हा तिने राजपुत्र उदयसिंहाला टोपलीतून बाहेर काढलं आणि त्याच्या जागी स्वतःचा मुलगा चंदन निजवला. त्यागाची कथा म्हणून ती सांगितली जाते. मला ती ऐकताना दर वेळी चंदनच आठवतो. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

जयपूरच्या तान्ह्या जयसिंहाच्या नावाने आईने, भटियाणी राणीने, कारभार हाती घेतला. कंपनीला बाईचा कारभार रुचत नव्हता. १८२१ पासून जयपुरात कंपनीचा एक अधिकारी कायम राहू लागला. तहावर सही केलेले रावल बैरीसाल कंपनीच्या मर्जीतले, तर राणीचा विश्वास संघी झूथारामवर. जनान्यात रूपा बडारण नावाची दासी इतकी वजनदार झाली की तिचा शब्द मुत्सद्द्यांना झेलावा लागे. दोन्ही पक्षांना राजा हवा होता, पण तो मोठा व्हायला नको होता. पंधरा वर्षांचा हा सगळा काळ कागदपत्रांत भरपूर सापडतो. त्यात झूथाराम आहे, बैरीसाल आहे, खंडणीची थकबाकी आहे. मुलगा कुठेच नाही. तो काय शिकला, कशाशी खेळला, त्याला घोड्यावर बसायला आवडे का, यातलं काहीही इतिहासाने टिपण्याजोगं मानलं नाही. त्याचं लग्न लावलं गेलं. चौदाव्या वर्षी, सप्टेंबर १८३३ मध्ये, तो बाप झाला.

आणि मग त्याचं आयुष्य लवकरच संपलं. आई त्याच्या आधी गेली होती. आता तो वयात येत होता, कारभार स्वतः पाहण्याची वेळ जवळ येत होती, आणि पाळण्यात पुढचा वारस तयार होता. ६ फेब्रुवारी १८३५ रोजी जयसिंह वारला. त्याला विष दिल्याचा संशय तेव्हाच घेतला गेला आणि बोट झूथारामकडे व रूपा बडारणीकडे वळलं. गुन्हा शाबीत झाला असं मी म्हणणार नाही. पण तान्ह्या राजाच्या जिवावर अधिकार भोगणाऱ्यांना तो जाणता होऊ लागला की तोच अडचणीचा होतो, हे समजायला न्यायालयाची गरज नाही.

गादीवर आता सोळा महिन्यांचा रामसिंह बसला. सोळा वर्षांच्या आत जयपूरने दुसऱ्यांदा दूधपिता राजा पाहिला. त्या वर्षीच्या जून महिन्यात जे घडलं त्यावरून अशा बाळाचं शरीर किती स्फोटक असू शकतं हे कळतं. ४ जूनला गव्हर्नर जनरलचा एजंट मेजर अल्व्हेस आपल्या अधिकाऱ्यांसह राजवाड्यातून बाहेर पडत असताना त्याच्यावर तलवारीचा वार झाला. तो वाचला. सोबतच्या कॅप्टन ब्लेकने हल्लेखोराची तलवार हिसकावून घेतली आणि ती तशीच जवळ ठेवून तो शहरातून निघाला. रक्ताळलेली तलवार घेतलेला गोरा अधिकारी राजवाड्याकडून येतो आहे एवढंच लोकांना दिसलं. आवई उठली की फिरंग्यांनी बाळराजाला मारलं. जमावाने ब्लेकला गाठून ठार केलं. राजा त्या वेळी वाड्यात सुखरूप होता. झूथाराम या हल्ल्यामागच्या कटाच्या आरोपात दोषी ठरला आणि कैदेतच संपला. कंपनीने राज्याभोवतीचा फास आणखी आवळला.

रामसिंह जगला. त्याला शिकवायला पंडित शिवदीन आले, कारभाराला पंचमंडळ नेमलं गेलं. १८४२ मध्ये खंडणी आठ लाखांवरून चार लाखांवर आली, आणि १८४६ मध्ये जयपूरने सतीची चाल बेकायदा ठरवली. मोठा झाल्यावर हाच राजा कॅमेऱ्याचा नादी झाला, त्याने शाळा, बागा, कलाशाळा काढल्या, आणि १८७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी शहर गुलाबी रंगवून घेतलं. आपल्या वडिलांपेक्षा त्याचं नशीब वेगळं निघालं, इतकंच म्हणता येतं.

जयपूरपासून फार लांब नसलेल्या एका मराठी राज्याला मात्र बाळ दगावल्याची किंमत मोजावी लागली. झाशीचे गंगाधरराव नेवाळकर आणि लक्ष्मीबाई यांना १८५१ मध्ये मुलगा झाला. नाव दामोदर ठेवलं. तीन-चार महिन्यांत तो गेला. एरवी ते एका घराचं दुःख राहिलं असतं. पण सातारा १८४८ मध्ये याच कारणाने खालसा झालं होतं: पोटचा वारस नाही, दत्तक आम्हाला मान्य नाही. गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, २० नोव्हेंबर १८५३ रोजी, कंपनीच्या अधिकाऱ्यांसमोर नात्यातल्या आनंदरावाला दत्तक घेतलं आणि त्याचंही नाव दामोदरराव ठेवलं. नाव तेच, वय पाच वर्षं, विधी शास्त्रोक्त. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो विधी मानला नाही आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. पहिला दामोदर जगला असता तर त्या वर्षी तीन वर्षांचा असता, आणि राणीला रीजंट म्हणून किल्ल्यात राहू देण्यावाचून डलहौसीला पर्याय उरला नसता. लक्ष्मीबाईंच्या चरित्रांत या बाळाला एक परिच्छेद मिळतो. माझ्या मते झाशीचं १८५७ त्या परिच्छेदात सुरू होतं.

रजपुतान्यात डलहौसीची हीच युक्ती चालली नाही. करौलीचा राजा नरसिंहपाल १८५२ मध्ये वारला तेव्हा डलहौसीने तीच खटपट केली, पण लंडनच्या संचालकांनी बजावलं की करौली हे संरक्षित मित्रराज्य आहे, आपलं मांडलिक नव्हे. झाशीला तो दर्जा दिला गेला नाही. दोन्हीकडे मूल दत्तकच, शास्त्र एकच. फरक होता तो तहाच्या भाषेत आणि राज्य घशात घालण्याच्या सोयीत. बंडानंतर कंपनी गेली. १८६२ मध्ये व्हाइसरॉय कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, जयपूरलाही दिल्या.

त्या सनदेची जयपूरला लवकरच गरज पडली. रामसिंह १८८० मध्ये निपुत्रिक गेले. ईसरद्याचे कायमसिंह दत्तक येऊन माधोसिंह दुसरे झाले. त्यांना पडदायतींपासून, म्हणजे उपपत्नींपासून, पुष्कळ मुलं होती. या मुलांना लालजी म्हणत आणि गादीवर त्यांचा हक्क नसे. म्हणून १९२१ मध्ये पुन्हा ईसरद्याचाच मुलगा आणावा लागला, तो मानसिंह दुसरा. २२ ऑक्टोबर १९३१ रोजी मानसिंहांना मुलगा झाला, भवानीसिंह. राज्य करणाऱ्या महाराजाच्या पोटी वारस जन्मण्याची गोष्ट जयपूरने ९८ वर्षांनी पाहिली. शॅम्पेन इतकी वाहिली की बाळाचं लाडाचं नाव बबल्स पडलं आणि लष्करात ब्रिगेडियर झाल्यावरही तेच टिकलं.

भवानीसिंहांना एकच अपत्य, मुलगी: दिया कुमारी. तिच्या जन्माच्या वर्षीच, १९७१ च्या डिसेंबरात, संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता घटनादुरुस्तीने संपली. म्हणजे २००२ मध्ये गादी हा घरगुती मानाचा विषय उरला होता. ना खंडणी, ना रेसिडेंट, ना बाहेर ताटकळणारे सरदार. तरीही भवानीसिंहांनी त्या वर्षी दत्तक घेतलं ते मुलीच्या मुलाला, पद्मनाभला. चार वर्षांचा मुलगा वारस झाला. त्याची आई पुढे निवडणुका लढवून खासदार झाली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये राजस्थानची उपमुख्यमंत्री.